बुबुळावरचा भोवरा: गोळीचा की आजोळचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे, साताऱ्याजवळच्या गावात राहतात. एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून, दोन वर्षांपासून अमिओडॅरोनची २०० मिलिग्रॅमची गोळी रोज घेतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत डॉक्टरांनी कागदावर ‘दोन्ही डोळ्यांत कॉर्निया व्हर्टिसिलाटा’, म्हणजे बुबुळावर भोवऱ्यासारख्या रेषा, असं लिहिलं. वडिलांना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. काकांचं म्हणणं, या गोळीनंच डोळे चाललेत, ती बंद करा. मुलीच्या वाचनात आलं की हीच खूण फॅब्री नावाच्या आनुवंशिक आजारातही दिसते. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: गोळी थांबवावी का, ऑपरेशन करता येईल का, आणि ‘मला आणि माझ्या भावाला हे येईल का?’

ताई, पुढचं वाचण्याआधी वडिलांना फोन करा आणि गोळी चालू आहे ना, एवढं विचारा. काकांचं ऐकून ती बंद झाली असेल तर आजच त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना कळवा. डोळ्याचं काम चार दिवस थांबू शकतं, हे थांबू शकत नाही.

इतक्या ठामपणे लिहितो आहे, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका गृहस्थांना कुणीतरी सांगितलं की हार्टच्या गोळीनं बुबुळावर डाग पडलेत. त्यांनी कुणालाही न विचारता गोळी सोडली. तीन महिन्यांनी ते माझ्याकडे आले ते खुशीत, ‘डॉक्टर, डाग गेले का बघा.’ डाग खरोखर फिकट झाले होते. पण तपासताना त्यांना धाप लागलेली दिसली म्हणून मी नाडी धरली, तर ठोक्यांना ताळतंत्र उरलेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांना भरती करावं लागलं. ज्या डागांसाठी त्यांनी हे ओढवून घेतलं, त्या डागांनी त्यांच्या नजरेची एक ओळही कमी केलेली नव्हती.

आता हे डाग म्हणजे काय ते सांगतो. डोळ्याच्या काळ्या भागावर पुढून घड्याळाच्या काचेसारखी बसलेली जी पारदर्शक झाकणी असते, ती कॉर्निया. बोलताना आपण तिलाच बुबुळ म्हणतो. मध्यभागी तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तिच्या अगदी वरच्या थरात पेशींच्या पाच ते सात रांगा असतात आणि हा थर सतत नवा होत असतो, म्हणूनच धुळीच्या कणानं ओरखडा पडला तरी दोन दिवसांत भरून येतो. नव्या पेशी जन्माला येतात त्या काठावर, जिथे काळा भाग आणि पांढरा भाग एकमेकांना भेटतात तिथे. तिथून त्या सगळ्या बाजूंनी मध्याकडे सरकतात, आणि सरळ न येता वळसा घेत येतात. लहान बाळाच्या डोक्यावर केसांचा भोवरा असतो ना, अगदी तसा. निरोगी डोळ्यात हा भोवरा असतोच, पण सगळंच पारदर्शक असल्यामुळे तो दिसत नाही. पेशींमध्ये काही साठलं की त्यांची वाट रंगवल्यासारखी उठून दिसते. मध्याच्या थोडं खाली एक बिंदू आणि त्यातून वळत निघालेल्या बारीक तपकिरी-सोनेरी रेषा, मांजराच्या मिशांसारख्या. वडिलांनी हनुवटी टेकवून ज्या यंत्रापुढे बसायचं असतं त्या स्लिट लॅम्पखाली त्यांच्या डॉक्टरांना हेच दिसलं. साध्या डोळ्यांना किंवा बॅटरीच्या उजेडात यातलं काहीही दिसणार नाही. आपल्याकडे ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणतात ते वेगळं. फूल म्हणजे जखम भरून आल्यावर राहिलेला वण, तो खोलवर असतो आणि कायमचा असतो.

साठतं काय आणि का साठतं, यातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून इथे जरा थांबतो. प्रत्येक पेशीत लायसोसोम नावाच्या छोट्या पिशव्या असतात. पेशीत जुनं झालेलं, मोडायचं असलेलं सगळं तिथे जातं आणि एन्झाइम त्याचे तुकडे करून पुन्हा वापरात आणतात. पिशवीच्या आतलं वातावरण आम्ल असतं. अमिओडॅरोनच्या रेणूचं एक टोक चरबीत सहज मिसळणारं आणि दुसरं आम्लात गेल्यावर विद्युतभार घेणारं असतं. त्यामुळे तो पिशवीच्या भिंतीतून आत सहज शिरतो, पण आत भारित झाल्यावर बाहेर पडू शकत नाही. शिवाय तिथल्या चरबीयुक्त घटकांना तो धरून बसतो, त्यांचं विघटन अडतं आणि पिशव्या थरावर थर साठलेल्या चरबीने फुगतात. बुबुळावर दिसतो तो हाच साठा.

फॅब्रीमध्येही बिघडते ती हीच पिशवी, फक्त दुसऱ्या कारणाने. तिथे बाहेरून कोणी येऊन अडवत नाही. अल्फा-गॅलॅक्टोसिडेज ए नावाचं एक एन्झाइम जन्मापासूनच अपुरं असतं किंवा मुळीच नसतं, म्हणून एका विशिष्ट प्रकारची चरबी मोडली जात नाही. दोन्हीकडे पिशवी तुंबते, आणि पेशींची वाट तर एकच, त्यामुळे भोवराही एकसारखा उमटतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीसुद्धा दोन्हींतले थर सारखेच पट्टेरी दिसतात. म्हणूनच नुसत्या भोवऱ्याकडे बघून तो कुठून आला हे सांगता येत नाही. आम्हा डॉक्टरांना ते रुग्णाला विचारूनच काढावं लागतं, आणि नेमका हाच प्रश्न घाईच्या ओपीडीत राहून जातो.

पहिला प्रश्न, गोळी. अमिओडॅरोन १९६१ मध्ये बेल्जियममध्ये तयार झालं, तेव्हा ते छातीत दुखण्यावर, अंजायनावर वापरायचं होतं. ठोक्यांची लय सांभाळण्यात ते किती गुणी आहे हे नंतर अर्जेंटिनातल्या डॉक्टरांनी दाखवलं. औषध म्हणून ते जबरदस्त आहे आणि शरीरात चिवटपणे राहतं. चरबीत मुरत असल्यामुळे गोळी बंद केल्यावरही ते आठवडेच काय, महिनोन् महिने अंगात असतं. काही महिने नियमित घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या बुबुळावर कमी-अधिक रेषा येतातच. आधी खालच्या भागात धुळीसारख्या ठिपक्यांची आडवी ओळ, मग तिला फांद्या, मग भोवरा. डोस जास्त आणि काळ जास्त तर रेषा ठळक. एका टप्प्यानंतर त्या वाढायच्या थांबतात. हृदयाच्या डॉक्टरांनीच काही कारणाने औषध बदललं तर साधारण तीन ते सात महिन्यांत, कधी त्याहून उशिरा, त्या मागे कोणताही वण न ठेवता पुसल्या जातात.

यावर कोणतेही थेंब नाहीत. दुकानात ‘डोळे स्वच्छ करणारे’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्या, गुलाबपाणी, मध, काहीही घालू नका. साठा पेशीच्या आत आहे, तो धुऊन निघत नाही. काहीजण विचारतात की वरचा थर खरवडून काढता येईल का. काढता येईल, पण औषध चालू असताना नवा थरही तसाच रंगून येईल.

दिव्यांभोवतीची वलयं या रेषांमुळे येऊ शकतात, पण ती तक्रार मोजक्याच लोकांना असते. ६८ वर्षांच्या माणसाला, ज्याला मोतीबिंदूही आहे, त्याला दिसणारी वलयं बहुतेक वेळा मोतीबिंदूचीच असतात. म्हणून सगळं खापर भोवऱ्यावर फोडू नका. उलट बाजूनेही एक सावधगिरी हवी, आणि या उत्तरातली ही गोष्ट तुम्ही लिहून ठेवावी असं मला वाटतं. अमिओडॅरोन घेणाऱ्या फार थोड्या लोकांत डोळ्याच्या मागच्या नसेला, म्हणजे मेंदूकडे दृष्टी नेणाऱ्या ऑप्टिक नर्व्हला सूज येते. ती भोवऱ्याशी निगडित नसते. भोवरा नगण्य असला तरी ती येऊ शकते. वडिलांनी जर म्हटलं की एका डोळ्याने अचानक किंवा काही आठवड्यांत अंधुक दिसायला लागलं, नजरेच्या खालच्या किंवा वरच्या भागावर सावली आली, लाल रंग एका डोळ्याने फिका दिसतो, तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. हृदयाच्या रुग्णांना रक्तवाहिनी तुंबूनही अशीच सूज येते, त्यामुळे दोष औषधाचा की रक्तवाहिनीचा हे ठरवणं सोपं नसतं आणि औषध बदलायचं की नाही हा निर्णय दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बोलून घ्यायचा असतो.

आणखी एक, माझ्या विषयाबाहेरचं, पण सांगतोच. या औषधाच्या रेणूत आयोडीन असतं, वजनाने एक तृतीयांशाहून अधिक. त्यामुळे थायरॉइड बिघडू शकतं, आणि यकृत आणि फुप्फुसांवरही लक्ष ठेवावं लागतं. वडिलांची थायरॉइड आणि यकृताची रक्ततपासणी शेवटची कधी झाली ते बघा. सहा महिन्यांहून जुनी असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना त्याची आठवण करून द्या. बुबुळावरच्या रेषांची काळजी करणारे रुग्ण मी रोज बघतो. आपली थायरॉइडची तपासणी कधी झाली हे सांगू शकणारे त्यांत फार थोडे निघतात.

असा भोवरा आणणारी औषधं आणखीही आहेत. क्लोरोक्विन, काही वेदनाशामक गोळ्यांतलं इंडोमेथासिन, स्तनाच्या कर्करोगात देतात ते टॅमॉक्सिफेन, काचबिंदूसाठी अलीकडे आलेले नेटार्सुडिलचे थेंब. यातलं एक नाव मात्र वेगळं काढून बोलायला हवं, कारण ते आपल्याकडे घरोघरी आहे: हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, ज्याला सगळे एचसीक्यू म्हणतात. आमवातासाठी, ल्युपससाठी (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) आणि भारतात मधुमेहासाठीही ते देतात. त्याच्या भोवऱ्यानेही काही बिघडत नाही. क्लोरोक्विनच्या मानाने तो कमी लोकांत येतो आणि आला तरी जातो. पण हेच औषध डोळ्याच्या आतल्या पडद्यावर परिणाम करू शकतं, आणि पडद्याचं नुकसान परत भरून येत नाही. बुबुळ स्वच्छ आहे म्हणून पडदा ठीक असेल असं मानणं चूक, आणि बुबुळावर रेषा आल्या म्हणून घाबरून गोळी सोडणंही तितकंच चूक. अमेरिकन नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये दिलेला हिशोब सोपा आहे: प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. म्हणजे ४५ किलोच्या बाईला रोज २२५ पर्यंत. आमच्या ग्रामीण भागात चाळीस-पंचेचाळीस किलोच्या बायका ४०० मिलिग्रॅम घेताना दिसतात, कारण गोळी लिहिताना वजन कुणी केलेलं नसतं. सुरुवातीच्या वर्षात एकदा पडद्याची तपासणी, मग पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा सोबत टॅमॉक्सिफेन चालू असेल तर त्याही आधीपासून. ही तपासणी म्हणजे ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, आणि नजरेच्या क्षेत्राची चाचणी. नुसता नंबर काढून यातलं काही कळत नाही. आशियाई वंशाच्या लोकांत नुकसान पडद्याच्या मध्यापासून थोडं दूर सुरू होऊ शकतं, म्हणून जरा मोठ्या क्षेत्राची चाचणी मागावी.

आता फॅब्री. १८९८ मध्ये जर्मनीतले त्वचारोगतज्ज्ञ योहानेस फॅब्री आणि लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम अँडरसन यांनी एकमेकांना न कळता या आजाराचं वर्णन केलं. बुबुळावरचा भोवरा १९१० मध्ये ब्रूनो फ्लायशर यांनी नोंदवला, पण पुढे कित्येक दशकं तो बुबुळाचाच एक वेगळा घराण्यात चालणारा दोष मानला गेला. त्या घराण्यांतले लोक मूत्रपिंडाने आणि हृदयाने जात होते, आणि त्यांच्या डोळ्यातली रेषा व त्यांचा मृत्यू यांची गाठ कुणी घातली नव्हती. मला हा इतिहास फार अस्वस्थ करतो, कारण शंभर वर्षांनंतरही आपण तेच करतो आहोत.

हा आजार शाळेच्या वयात बोलायला लागतो. तळहात-तळपायांची आग होते, ताप आला की, ऊन लागलं की, पळापळ झाली की वाढते. घाम नीट येत नाही. आपल्याकडच्या वैशाखात घाम न येणारं मूल कसं कासावीस होत असेल, विचार करा. जेवल्यावर पोटात कळ येते, जुलाब होतात. कमरेपासून मांड्यांपर्यंत गडद लाल बारीक पुरळ येतं, जे खाजत नाही म्हणून कुणी दाखवत नाही. मग पंचविशी-तिशीत लघवीतून प्रथिनं जायला लागतात, हृदयाची भिंत जाड होते, ठोके चुकतात, एखाद्याला तरुणपणीच पक्षाघात होतो. डोळ्यात भोवरा मात्र या सगळ्याच्या कितीतरी आधी, बालपणापासूनच असू शकतो.

माझ्याकडे २७ वर्षांचा एक मुलगा चष्म्याचा नंबर काढायला आला होता. स्लिट लॅम्पखाली दोन्ही डोळ्यांत भोवरा. काही गोळ्या घेतोस का? नाही. कधी घेतल्या होत्या? नाही. मी विचारलं, ‘लहानपणी हातापायांची आग व्हायची का रे?’ तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘तुम्हाला कसं कळलं?’ एवढंच म्हणाला. आग अजूनही व्हायची. कुणी त्याला गरमी म्हटलं होतं, कुणी वात, कुणी कॅल्शियम कमी. शाळेत खेळाच्या तासाला तो सावलीत बसायचा आणि नाटक करतो म्हणून मार खायचा. मी घरच्यांचं विचारलं तेव्हा त्याने वडिलांकडचं सगळं सांगितलं आणि तिथे काहीच सापडेना. मग म्हटलं, आजोळचं सांग. तेव्हा कळलं की त्याचा सख्खा मामा चाळिशीच्या आत डायलिसिसवर गेला आणि वारला. मामाचे जुने कागद त्याने नंतर आणून दाखवले. एका जुन्या डोळे तपासणीच्या कागदावर एक ओळ होती: ‘बुबुळावर रेषा, नजर उत्तम.’ लिहिणाऱ्याने पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं. त्या ओळीनंतर मामा अकरा वर्षं जगला. तेवढ्या काळात बरंच काही करता आलं असतं.

आजोळ विचारायचं कारण असं. या आजाराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे एक्स एकच, आईकडून आलेला, म्हणून पुरुषात आजार बहुतेकदा पूर्ण जोराने येतो. आईकडून तो प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, निम्म्या शक्यतेने उतरतो. वडिलांकडून मात्र सगळ्या मुलींना जातो आणि एकाही मुलाला जात नाही, कारण मुलाला वडील वाय देतात. घराण्याची चौकशी करताना आपण सवयीने आडनावामागे जातो, आजोबा-काका-चुलतभाऊ विचारतो. इथे माग निघतो तो आई, मामा आणि मावशीच्या मुलांकडून. आणि स्त्रिया नुसत्या ‘वाहक’ असतात ही जुनी समजूत आता सोडायला हवी. त्यांच्या डोळ्यांतही बहुतेकदा भोवरा असतो, आणि हृदय, मूत्रपिंड, मेंदू यांचा त्रास उशिरा का होईना होतो. त्या मुलाच्या आईला मी बोलावून घेतलं. तिच्या बुबुळावर तशाच नाजूक रेषा होत्या, आणि हृदय जाड झालं म्हणून ती कित्येक वर्षं रक्तदाबाच्या गोळ्या घेत होती.

तुमच्या वडिलांकडे येऊ या. दोन वर्षं रोज अमिओडॅरोन घेणाऱ्याच्या डोळ्यात भोवरा असणं हे अपेक्षितच आहे. तो गोळीचाच असण्याची शक्यता प्रचंड आहे, आणि गोळीचा भोवरा वारशाने जात नाही. तुम्हाला आणि भावाला त्यापासून काही होणार नाही. तरीही वाचून तुमच्या मनात जो प्रश्न आला तो योग्य आहे, आणि त्याचं उत्तर घरबसल्या बऱ्यापैकी मिळेल. अमिओडॅरोन सुरू होण्याआधी कधी डोळे तपासले होते का, त्याचा कागद शोधा. तेव्हा बुबुळ स्वच्छ लिहिलं असेल तर विषय संपला. कागद नसेल तर वडिलांच्या टूडी इकोचा रिपोर्ट काढा आणि हृदयाची भिंत जाड लिहिली आहे का बघा. जाड असेल, आणि ती रक्तदाबाच्या मानाने जास्त वाटते असं डॉक्टर म्हणत असतील, तर पुढे चला. लघवीतली प्रथिनं तपासा, साधी तपासणी आहे. वडिलांना एकदा शांतपणे विचारा की लहानपणी हातापायांची आग व्हायची का, घाम यायचा का. आणि त्यांच्या आजोळी कुणी तरुणपणी किडनीने, हृदयाने किंवा पक्षाघाताने गेलं का. डोळ्याच्या डॉक्टरांनाही सांगा की पांढऱ्या भागावरच्या आणि पडद्यावरच्या रक्तवाहिन्या फार वाकड्यातिकड्या आहेत का आणि मोतीबिंदूत मागच्या बाजूला चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा आहेत का ते बघा. या खुणा फॅब्रीकडे बोट दाखवतात, गोळीमुळे त्या येत नाहीत.

सगळं ‘नाही’ आलं तर निश्चिंत राहा. यातल्या दोन-तीन गोष्टी ‘हो’ आल्या तर अंदाज न करता तपासणी करा. पुरुषांत रक्ताचा एक थेंब खास कागदावर वाळवून पाठवतात आणि एन्झाइम मोजतात. स्त्रियांत एन्झाइम कधी सामान्य येतं आणि फसवतं, म्हणून या आजाराच्या जनुकाचीच, जीएलएची, तपासणी करावी लागते. आणि वडिलांना खरोखर फॅब्री निघालं, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर वर आलंच आहे: ते जनुक तुमच्यात नक्की असेल आणि भावात नसेल.

हे सगळं इतक्या बारकाईने लिहिण्याचं कारण, या दोन गोष्टी एकाच माणसात भेटू शकतात. फॅब्रीमध्ये हृदय जाड होतं, ठोके बिघडतात, म्हणून त्याला अमिओडॅरोन दिलं जातं, आणि मग भोवरा दिसला की सगळे ‘गोळीचा’ म्हणून पुढे जातात. शिवाय फॅब्रीचं एन्झाइम बाहेरून देण्याचा उपचार चालू असेल तर सोबत अमिओडॅरोन आणि क्लोरोक्विन टाळायला सांगतात, कारण ही औषधं पेशीतलं ते एन्झाइमच दाबू शकतात. म्हणजे फॅब्री असल्याचं कळलं तर हृदयाच्या औषधाचाही नव्याने विचार करावा लागतो.

त्या उपचारात दर दोन आठवड्यांनी शिरेतून एन्झाइम देतात. काही ठरावीक जनुकदोषांसाठी मिगॅलास्टॅट नावाची तोंडाने घ्यायची गोळीही निघाली आहे. खर्च सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात फॅब्रीचा समावेश आहे, आणि २०२२ पासून एका रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. महाराष्ट्रातल्या लोकांसाठी मुंबईचं केईएम रुग्णालय या धोरणाखालचं केंद्र आहे, चौकशी तिथून सुरू करता येते. हा उपचार आयुष्यभराचा आहे आणि ती रक्कम आयुष्यभर पुरणारी नाही, हेही खरं आहे. तरी मूत्रपिंड शाबूत असताना निदान झालं तर साध्या, स्वस्त गोळ्यांनीही लघवीतली प्रथिनं बरीच रोखता येतात. माझ्याकडे आलेल्या त्या २७ वर्षांच्या मुलाचं आज तेच चालू आहे.

बुबुळावर साठणारी प्रत्येक गोष्ट भोवरा करत नाही, हेही जाता जाता सांगतो, कारण ‘आनुवंशिक’ शब्द आला की विल्सनचा आजार आठवल्याशिवाय राहत नाही. त्यात तांबं साठतं, ते बुबुळाच्या खोल थरात काठाने सोनेरी-हिरवट कड्यासारखं दिसतं, आणि ते वरच्या पापणीखाली आधी सुरू होतं, म्हणून पापणी उचलून बघावं लागतं. वारंवार कावीळ होणारं किंवा अचानक हात थरथरायला लागलेलं, अक्षर बिघडलेलं मूल असेल तर ही तपासणी करूनच घ्या. वेळेत कळलं तर हा आजार औषधांनी आटोक्यात राहतो आणि कडंही फिकट होत जातं. आणि कंपवातासाठी दिल्या जाणाऱ्या अमँटाडीनने क्वचित बुबुळाला सूज येऊन ते धुरकट होतं. तो प्रकार निरुपद्रवी नाही, तिथे मेंदूच्या डॉक्टरांशी लगेच बोलावं लागतं.

राहिलं ऑपरेशन. या रेषांमुळे मोतीबिंदूचं ऑपरेशन अडत नाही. सर्जनला आतलं व्यवस्थित दिसतं आणि भिंग नेहमीसारखंच बसतं. त्याआधी नसेची आणि पडद्याची तपासणी नीट करून घ्या, म्हणजे ऑपरेशननंतर किती दिसेल याचा अंदाज आधीच येईल. वडिलांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असणारच. तीही स्वतःहून थांबवू नका. मोतीबिंदूच्या आजच्या पद्धतीत ती बहुतेकदा चालू ठेवूनच ऑपरेशन होतं, पण ते सर्जनला माहीत असलं पाहिजे. आणि या वयात पुरुषांना लघवीसाठी टॅमसुलोसिन दिलेलं असतं, ते वडील घेत असतील किंवा पूर्वी घेत असतील तर आवर्जून सांगा. त्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा (आयरिस) लुळा पडतो आणि आधी कळलं तर सर्जन तयारीत असतात. सर्जनच्या दृष्टीने ही माहिती त्या भोवऱ्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर ऑपरेशनच्या दिवशी सकाळीही अमिओडॅरोन नेहमीच्या वेळी घ्यायची, आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून सोबत न्यायची.